महिपतशेटचं तेल

सगुणा पावसकर हट्टी होती. असल्या बाईला लोक मागाहून ‘खंबीर’, ‘निश्चयी’ असे इस्त्री केलेले शब्द लावतात. ते इथं नकोत. हट्टी म्हणजे हट्टी. लहानपणी आईनं आठळ्या सोलायला बसवलं, तर शेवटची आठळी सोलल्याशिवाय ती जेवायला उठायची नाही, मग कुणी हात धरून ओढो. सोनाराची लेक, सोनाराच्याच घरात दिली, आणि नवरा मिळाला महिपत, जो सोनं सोडून घड्याळांच्या मागं लागला होता.

महिपत तरुणपणी मुंबईला गेला, एका पारशाच्या दुकानात घड्याळाचं काम शिकला आणि परत येऊन रत्नागिरीच्या राम आळीत, वडिलांची पेढी होती त्या जागेत, दुकान थाटून बसला. कामाचा हुशार होता, नाही कोण म्हणतो? पण गर्विष्ठ. आणि गर्व कसला, तर तेलाचा. घड्याळाच्या पोटात जिथं जिथं चाकांची टोकं टेकतात, तिथं सुईच्या अग्रानं तेलाचा कण सोडावा लागतो. ते तेल तो मुंबईहून बोटीनं मागवायचा, एवढ्याशा निळ्या बाटलीत, आणि देवघरातल्या गंगेसारखी ती बाटली जपायचा. “माझं तेल एकदा पडलं की घड्याळाला मरण नाही,” हे त्यानं आळीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की समोरचा भुसारी त्याचं वाक्य त्याच्याआधीच पुरं करायचा. चूक कबूल करणं तर त्याच्या रक्तातच नव्हतं. घड्याळ मागं पडलं तर सूर्य घाईत आहे म्हणेल, असा गडी.

आणि अशा माणसाचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदू होता; कडेकडेनं अंधार आत सरकत आला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की घड्याळ कानाशी धरायचं, चेहरा गंभीर करायचा आणि म्हणायचं, “ठेवून जा, उद्या या.” दुपारी दुकानाच्या फळ्या लागल्या की आतल्या खोलीत खिडकीपाशी सगुणा भिंग डोळ्याला लावून बसायची. हा शेजारी बसून सांगायचा, ती करायची. काही वर्षं हे असं चाललं. गाव म्हणायचं, पावसकरांचा हात म्हणजे हात. तो पावसकरांच्याच घरातला होता, त्यामुळे गावाचं तसं खोटंही नव्हतं.

झाकली मूठ किती दिवस झाकून राहणार? एका सकाळी कुणा हमालानं दुकानाच्या पायरीवर तांदळाचं पोतं टेकवून ठेवलं. महिपतनं त्या पोत्याला हात जोडले आणि म्हणाला, “या मास्तर, बसा. बऱ्याच दिवसांनी.” आळी हसून हसून लोळली. संध्याकाळपर्यंत बातमी मांडवी बंदरावर पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक फिरकेना.

सगुणानं रडूनबिडून घेतलं नाही. ती पदर खोचून सरळ पुढं येऊन गादीवर बसली. लोक आले, नाही असं नाही; पण बघायला आले. घड्याळ कुणी आणलं नाही. बाईचा हात लागला की घड्याळ माहेरच्या वाटेनं पळत सुटतं, असं कुणी तरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं, की महिनाभर तेच.

तिचा धाकटा दीर धोंडू काही वाईट माणूस नव्हता. पोरंबाळं होती, हाताला धंदा नव्हता आणि दुकानाची जागा दोघा भावांची होती. तो एके दिवशी येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी फिरवत.

“वैनी, तुझ्याशी माझं भांडण नाय. पण हे असं रिकामं किती दिवस ठेवायचं? दसऱ्यापर्यंत गावातल्या एका तरी माणसानं आपणहून तुझ्या हातात घड्याळ देऊ दे, नि चालतं परत नेऊ दे. मी तोंडातून शब्द काढणार नाय. नायतर दसऱ्याच्या मुहूर्तावर मी इथं सोड्याच्या बाटल्या मांडणार.”

“मांड,” सगुणा म्हणाली. “दसरा अजून यायचाय.”

महिपत कोपऱ्यातून म्हणाला, “सोड गो हट्ट. वेळणेश्वरास जाऊ. आपली माडाची झाडं आहेत, ती राखू.”

“माड तुम्हाला दिसत नाहीत आणि मला चढता येत नाही. राखणार काय, सावली?”

खरं म्हणजे तिला आतून भीती वाटत होती. ती गादी गेली तर तिच्या बोटांना जे येत होतं ते कुणाला कधी कळणारही नव्हतं, आणि हे तिला सोसवत नव्हतं.

गणपती पोचवून झाले आणि काशी आली. काशी गावालगतच्या मिऱ्याची, तिचा नवरा आगबोटीवर सारंग होता, खलाशांचा म्होरक्या. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं कमरेचा रुमाल सोडला आणि आतून चांदीचं, दुहेरी झाकणाचं, चावीनं चालणारं खिशातलं घड्याळ काढून सगुणापुढं ठेवलं.

“बाजारात दुसऱ्याला दाखवला,” काशी म्हणाली. “तो म्हणाला, आत गंजाचा चिखल झालाय, दर्यात टाक. माझा घो दर्यानं नेला. घड्याळ नाय द्यायची मी त्याला.”

मग तिनं बसून सगळं सांगितलं. हे घड्याळ तिच्या सासऱ्याला एका शिडाच्या जहाजाच्या कप्तानानं दिलेलं. सासरा ते घेऊन दर्यावर जायचा आणि परत यायचा. मग नवरा न्यायला लागला, तोही परत यायचा. एका वर्षी दसरा झाला आणि घड्याळ बंद पडलं. बोट धरायची घाई, म्हणून तो ते घरी ठेवून गेला. त्या खेपेला तो आला नाही.

“आता माझ्या बाबल्याला बोटीवर जागा मिळालीय. दसरा झाला की जायचा. ह्या घड्याळ चालता होऊन त्याच्या खिशात गेला पायजे. नायतर मी त्याला सोडायची नाय, नि तो ऱ्हायचा नाय.”

“माझ्याकडं का ठेवतेस?” सगुणानं विचारलं. असले प्रश्न विचारायचे नसतात, पण तिनं विचारला.

“माझी गोष्ट ऐकून तू हसली नायस, म्हणून.”

महिपतनं हात पुढं केला. घड्याळ तळहातावर घेतलं, झाकणावरून अंगठा फिरवला आणि कडेच्या एका पोच्याशी थांबला. “हे माझ्याकडं आलेलं आहे. तुझ्या घोवानं आणलं होतं, युरोपातली लढाई संपली त्या सुमारास. मी साफ करून माझं तेल घातलं होतं. हे बंद पडणं शक्य नाही.”

“शक्य नाय तो झाला,” काशी म्हणाली आणि उठून गेली.

सगुणानं खिडकीपाशी बसून आतलं झाकण उघडलं. पोटभर तांबडा-तपकिरी थर, चाकं कुठली आणि पट्ट्या कुठल्या ते ओळखू येईना. तिनं तसं सांगितलं.

“गंज,” महिपत म्हणाला. “दर्याचा वारा आत गेलाय. टोकं खाल्ली असतील. मिटव आणि परत दे.”

ती कुठली मिटवते? तिनं घड्याळ नाकाशी नेलं. खवट वास आला, जुन्या खोबरेलाचा. मग थराचा एक कण चिमट्यानं उचलून बोटावर चोळला. गंज चोळला तर बोटाला खरखर लागते. हा बोटाच्या रेषारेषांत शिरून बसला. हा रंग तिनं लग्न झाल्यापासून रोज सकाळी बोटावर घेतला होता.

“अहो, हा गंज नाही. कुंकू आहे.”

“कुंकू? घड्याळात?”

“खंडेनवमीचं.”

आपल्याकडं खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं. कोयता, करवत, वल्हं, विळी, जे पोट भरतं ते सगळं धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू लावायचं. सारंगाचं हत्यार कुठलं? घड्याळ. मग कोयत्याला तेल आणि घड्याळाला उपास, असं कसं चालेल? घरातल्या बाईनं दर वर्षी भक्तिभावानं त्याचं पोट उघडून खोबरेलाचा थेंब सोडला होता आणि वर हळदकुंकवाची चिमूट. थरावर थर बसले आणि एका दसऱ्याला चाकांनी हात टेकले.

महिपत इतका हसला की त्याला ठसका लागला. मग हसता हसता थांबला. “अगो, मग टोकं शाबूत असणार. खोबरेलात बुडालेलं पोलाद गंजत नाही. कर ते सगळं सुटं.”

सगुणानं पदराचं टोक मेजाच्या कडेला टाचलं आणि मांडीवर झोळी केली, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता पदरात पडतो. ही सोनारांची जुनी रीत. एकेक पट्टी, एकेक चाक सोडवून पेट्रोलच्या वाट्यांत टाकलं. नारळाच्या झापाची हीर तासून तिला सुईसारखं टोक काढलं आणि त्या टोकानं भोकं कोरली. भेंडाच्या मऊ गाभ्यात टोकं खुपसून पुसली. टोकं खरोखरच शाबूत होती, आरशासारखी. बालकमान म्हणजे केसासारखी बारीक वळ्यांची कमान, जिच्या तालावर सगळं घड्याळ चालतं. तिची वळी तेलानं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना सगुणानं श्वाससुद्धा हळू घेतला.

सगळं पुन्हा जोडलं, चावी दिली. घड्याळ चाललं. सगुणाच्या काळजात अगदी लख्ख झालं. महिपतनं कान लावला.

“लंगडतंय,” तो म्हणाला. “टिक लांब, टाक आखूड. संध्याकाळपर्यंत बसेल.”

संध्याकाळच्या आधीच बसलं. तिनं ते पुन्हा सोडलं, पुन्हा धुतलं, पुन्हा जोडलं. पुन्हा लंगडलं. पितृपंधरवडा असाच गेला. घट बसले. धोंडू येता-जाता दारातून डोकावून जायचा, बोलायचा काही नाही. पण एकदा भिंतीकडं बघून मनात बाटल्यांच्या फळ्या मोजताना तिनं त्याला पकडलं. महिपत म्हणाला, “पुरे आता. तुझ्या हातात जे होतं ते तू केलंस.” तिला त्याचा असा राग आला, की तिनं त्या दुपारी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

घोळ कुठं होता हे तिला सुचलं ते भाजी फोडणीला टाकताना. कुंकू पेट्रोलनं निघालं, तेल निघालं. हळद? हळद पेट्रोलला थोडीच दाद देते. आणि पितळेवर हळद बसली तर दिसणार कशी, पिवळ्यावर पिवळी? तिनं कढई खाली उतरवली आणि धोंडू दुकानात विसरून गेलेल्या पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? सुईच्या टोकानं तिनं एकेका भोकाला चुन्याचं पाणी लावलं. बालकमानीच्या चाकाखालच्या भोकाच्या काठाशी एक कण हळूहळू लाल झाला.

“सापडलीस,” सगुणा म्हणाली. कोण सापडली हे महिपतनं विचारलं नाही.

तिनं तो कण हिरीनं कोरून काढला, सगळं स्वच्छ धुतलं, निळ्या बाटलीतलं तेल सुईवर घेऊन जागच्या जागी सोडलं आणि चावी दिली. महिपतनं कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून तिला कळलं. घड्याळ दोन्ही पायांवर चालत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी काशी आली. धोंडूही आला होता, हातात मापाची दोरी घेऊन. दुसऱ्या दिवशी दसरा. काशीनं घड्याळ कानाशी धरलं आणि तिचे डोळे भरून आले. धोंडूनं दोरी पाठीमागं लपवली.

मग काशीनं पदराखालून पितळी तबक काढलं. झेंडूचं फूल, हळदकुंकू आणि वाटीत खोबरेल.

“आज ह्याचा दिवस,” ती सगुणाला म्हणाली. “मला आता कुंकवाला हात लावायचा नाय. तू सवाष्ण हायस, तूच लाव. आतला झाकण उघड नि तेलाचा थेंब सोड. मी दर वर्षी सोडायची तसाच.”

सगुणाचा हात जागच्या जागी राहिला. “काशीबाय, आत नको. बाहेरूनच लावूया.”

“आत का नको?”

काशी काही भोळी नव्हती. तिनं सगुणाच्या तोंडाकडं पाहिलं, हातातल्या तेलाच्या वाटीकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“सगुणाबाय, खरा सांग. कशानं बंद पडला होता? माझ्या तेलानं?”

आता काय बोलायचं? हो म्हणावं, तर या बाईच्या हिशेबानं नवऱ्याला तिनंच मारलं असं होणार, आणि ते घेऊन ती घरी जाणार. नाही म्हणावं, तर तिचा विश्वास बसायचा नाही. हा प्रश्न तिनं आज पहिल्यांदा विचारला नव्हता, स्वतःला तर वर्षानुवर्षं विचारत आली होती. सगुणाला घड्याळ सोडता येत होतं, जोडता येत होतं. खोटं बोलता येत नव्हतं.

“तेलानंच बंद पडलं,” कोपऱ्यातून महिपत म्हणाला. “पण तुझ्या नव्हे. माझ्या.”

धोंडूच्या हातातली दोरी खाली पडली.

“त्या साली मुंबईहून हलकं तेल आलं होतं,” महिपत सावकाश म्हणाला. “मला कळलं होतं. तरी घातलं. ते आत साकळलं आणि चाकं धरली. तुझं खोबरेल वर होतं म्हणून तर पोलाद वाचलं. नाहीतर आज हिला दुरुस्त करायला काही उरलंच नसतं.”

काशी मटकन पायरीवर बसली. “इतकी वर्सा,” ती म्हणाली, “इतकी वर्सा मी माझा हात बघत ऱ्हायले.” आणि ती रडली, मोकळं रडली, कुणी तिला थांबवलं नाही.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि महिपतकडं वळली. ती नजर त्याला दिसली नाही, पण आवाज ऐकू आला.

“तुमच्या तेलामुळं माझा घो घड्याळाबिगर गेला.”

“होय,” महिपत म्हणाला आणि मान खाली घातली.

तिनं त्याला माफ केलं नाही. कशाला करेल? ती सगुणाला म्हणाली, “बाबल्या सुट्टीवर आला की घड्याळ इथंच आणीन. मिऱ्यावरच्या सगळ्या खलाशांना सांगीन. पण हात तुझा लागला पायजे. ह्या माणसाला शिवायला देऊ नको.”

“नाही देणार,” सगुणा म्हणाली. “आणि आतलं झाकण आता उघडायचं नाही. नवं तेल आहे, दर्याच्या वाऱ्यानं उडून जातं. पूजा बाहेरून.”

काशीनं मान डोलावली. सगुणानं झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, फूल वाहिलं, आणि काशी घड्याळ रुमालात बांधून निघाली. जाताना समोरच्या भुसाऱ्यापुढं थांबून महिपतच्या तेलाचा तिनं असा उद्धार केला, की तो दुकानाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आला. धोंडूनं दोरी उचलून गुंडाळली. “सोड्याला जागा दुसरीकडं बघतो,” तो म्हणाला. “वैनी, तुझं खरं.”

पुढं राम आळीत नासलेल्या दुधाला, फसलेल्या लोणच्याला, न जमलेल्या सोयरिकीला ‘महिपतशेटचं तेल’ म्हणायची चाल पडली, आणि ती तो असेपर्यंत चालली. तो ते ऐकायचा. त्यानं एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही, आणि सगुणाच्या मेजावरची घड्याळं कमी झाली नाहीत.

पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी फळ्या लावल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“निळ्या बाटलीतलं तेल हलकं होतं?”

“त्यासारखं तेल पुन्हा आलं नाही,” महिपत म्हणाला. “माझ्या नावाचं आता काय करायचं होतं? पोत्याला नमस्कार करणारा माणूस मी. पूजेचं तबक आण. आपली हत्यारं राहिलीत.”

घरची खंडेनवमीची पूजा दर वर्षी तोच करायचा. सगुणानं चिमटा, भिंग, पेचकस ओळीनं पाटावर मांडले. त्यानं चाचपत कुंकवाची कुयरी शोधली, बोट बुडवलं. दुसऱ्या हातानं पाटावरून चाचपडत गेला, चिमटा बाजूला सारला, पेचकस बाजूला सारला, आणि पाटाच्या कडेला टेकलेला तिचा हात धरला. एकेक बोट मोजल्यासारखं करून त्यानं तिच्या बोटांच्या टोकांना कुंकू लावलं. सगुणाचे डोळे वाहत होते, आणि तो बघू शकत नाही याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

“आता ऊठ,” तो म्हणाला, “आणि हात धू. घड्याळात जाईल.”